खुंटीवरचं दप्तर

‘सरनोबतांची देवडी’ अकराव्या वर्षात पडली तेव्हा त्या मालिकेत काय दिसलं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार जयसिंगपुरात एकाच बाईकडे होता. मालनबाई चौगुले. शिक्षण तिसरीपर्यंत, पण नजर अशी, की निवडलेल्या डाळीत खडा राहिला तर तो सुपाला माहीत नसायचा, मालनबाईला असायचा. आणि जीभ त्या नजरेची थोरली बहीण. ‘डोळे आहेत का झंपराची बटणं?’ असं तिनं एकदा विचारलं, की समोरच्या बाईला नव्हतं तेही दिसायला लागायचं.

बाजारपेठेमागच्या पत्र्याच्या शेडात बारा बायका उडदाचे पापड लाटायच्या. पापडाची यंत्रं तोवर गल्लोगल्ली झाली होती, पण हाताचाच पापड पाहिजे म्हणणारी माणसं अजून होती. हाताच्या कामात तोंड मोकळं राहतं. लाट्या वाटून झाल्या, लाटणी फिरायला लागली, की आदल्या संध्याकाळचा भाग निघायचा. मालनबाईचं म्हणणं एकच. मालिकेतली माणसं काय बोलतात तिकडं लक्ष देऊ नका, त्यांना ते लिहून दिलेलं असतं. त्यांच्या मागं काय ठेवलंय ते बघा. थोरल्या सुनेच्या खोलीतलं घड्याळ साडेपाचला बंद आहे, म्हणजे साडेपाचला त्या घरात काहीतरी घडलेलं आहे. सासूच्या डाव्या हातात सातच बांगड्या, म्हणजे आठवी कुणाला तरी दिलेली आहे. ती बांगडी आज ना उद्या निघणार, असं ती सांगायची, आणि दोन-तीनशे भागांनी ती निघायचीच. निदान मालनबाईच्या टीव्हीवर तरी निघायची.

फोनवर तिचं मंडळ होतं, चारशे बायकांचं. लिहिण्याशी तिचं फारसं पटत नव्हतं, म्हणून ती बोलून पाठवायची, आणि सांगली-कोल्हापूरच्या बायका कणीक मळता मळता ते ऐकायच्या. ‘मला तर असं काही दिसलं नाही’ म्हणणारी एखादी निघाली, तर आधी तिच्या टीव्हीचा उद्धार व्हायचा, मग डोळ्यांचा, मग माहेराचा. तरीही बधली नाही तर तिला मंडळातून बाहेर. अशा बाहेर गेलेल्या सत्तर-ऐंशी असतील. मालनबाईच्या मते त्या आंधळ्या होत्या.

तिचा सगळ्यांत मोठा होरा वैजयंतीचा होता. देवडीतली ही एकुलती मुलगी बाराशे बाराव्या भागात नदीवर गेली ती परत आली नाही. प्रेत सापडलं नाही. पोरगी जिवंत आहे आणि ती परतणार, असं मालनबाई सहा वर्षं सांगत होती, आणि पुरावा म्हणून देवडीच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीकडं बोट दाखवत होती. तिथं एक निळं कापडी दप्तर टांगलेलं होतं. आधी नुसतं दप्तर. वर्षभरानं त्याचा एक पट्टा तुटला. मग त्या पट्ट्याला परकराच्या लाल नाडीची गाठ आली. हे सगळं तिनं शेडात सांगितलं. दप्तर खरं कुणाचं, हे सांगितलं नाही.

ते सारिकाचं होतं. तिच्या लेकीचं. नाडी मालनबाईनंच बांधली होती, शाळेची वेळ झाली म्हणून घाईत, स्वतःच्या परकराची काढून.

सारिका एकोणीस वर्षांची असताना गणपतीचे देखावे रंगवणाऱ्या एका पोराबरोबर निघून गेली. पोरगा कामाला वाघ होता, निर्व्यसनी होता, पण जात वेगळी. नवरा म्हणाला, थांब जरा, पोरीला एकदा भेटून येऊ. मालनबाई थांबली नाही. चार माणसांदेखत तिनं लेकीच्या नावानं आंघोळ केली. आंघोळ केली म्हणजे माणूस मेलं. मेलेल्याला फोन करत नाहीत, मेलेल्याचं नाव घेत नाहीत. चार वर्षांनी नवरा गेला, तेव्हा त्यानं शेवटी लेकीला बोलव म्हटलं होतं. तेही तिनं केलं नाही. एकदा तोंडातून गेलेला शब्द परत गिळणारी बाई ती नव्हे.

त्या पोरानं पुढं मुंबईकडं मालिकांचे सेट रंगवायचं काम धरलं, एवढं उडतउडत तिच्या कानावर आलं होतं. म्हणून खुंटीवर दप्तर दिसलं तेव्हा तिला दुसरा विचारच करावा लागला नाही. सेट जावई रंगवतो. दप्तर लेकीनं टांगलंय. आई रोज साडेसातला ही मालिका बघते हे तिला कुणीतरी सांगितलं असणार, आणि पोरगी आईच्याच वळणाची, सरळ तोंडानं काही मागणार नाही. ती असं आडून आडून निरोप पाठवते आहे.

मग निरोप वाढतच गेले. खिडकीत स्टीलचा डबा आला, कोपऱ्याला चेपलेला. तो सारिकानं चौथीत पायरीवरून पाडला होता. वाटीत चिंचोके आले. आणि गेल्या पावसाळ्यापासून जेवणाच्या चार ताटांशेजारी एक पाचवं ताट यायला लागलं, पालथं. जो येणार नाही त्याचं ताट. मालनबाईनं ते बघितलं आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. गेल्या आठवड्यात मात्र ते ताट सरळ झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेडात तिनं विचारलं, ताट बघितलं का? बाराच्या बारा जणींनी बघितलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, शेडाच्या दारात एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी उभी राहिली. पाठीला पिशवी, चेहरा जागरणानं उतरलेला. मालनबाई कोण म्हणून तिनं विचारलं. बारा लाटण्यांनी एकाच बाजूला बघितलं.

“मी इरा,” ती म्हणाली. “सारिकाची मुलगी.”

तेवीस वर्षांत हे नाव त्या बाईसमोर कुणी काढलं नव्हतं. बायकांना वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. पण मालनबाईनं हातातली लाटी पूर्ण लाटली, पापड सुपावर टाकला आणि पोरीला पाट सरकवला. तिनं पाठवलं ते मला माहीत आहे, म्हणाली. उशीरच केला.

इराला कळेना. मग तिनं आपलं सांगायला घेतलं. सारिका मिरजेत होती, दवाखान्यात. यकृत संपलेलं होतं. वीस वर्षं कल्याणला काढली, शिवणकाम केलं, आणि आता शेवटी मला माहेराच्या बाजूला न्या म्हणाली म्हणून मिरजेत आणलं. डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितले होते. आईला तुम्हाला बघायचंय. मिरज अर्ध्या तासावर आहे, आत्ता चला.

मालनबाईला त्याच पावली उठावंसं वाटलं. पण ते तोंडावर येऊ देणं तिला येत नव्हतं. तेवढं एकच शिक्षण तिचं कमी पडलेलं. आणि डोक्यात हिशेब दुसराच चालू होता. गुरुवारी ताट सरळ करून ठेवणारी पोरगी सोमवारी मरणाला टेकते कशी? ही आईला नमवायची युक्ती. मी आधी जावं, मी आधी वाकावं म्हणून लेकरू पुढं केलंय.

“तिला म्हणावं, निरोप पोचले,” ती म्हणाली. “दप्तर बघितलं. डबा बघितला. ताट सरळ झालं तेही बघितलं. तिनं यायचं ठरवलंय, मग यावं. मी दार लावून घेणार नाही.”

एवढं म्हणायला तिला तेवीस वर्षं लागली होती. तिच्या दृष्टीनं ती आभाळाएवढी वाकली होती. इराला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कुठलं दप्तर, कुठलं ताट, हे तिनं दोनदा विचारून घेतलं, आणि कळलं तेव्हा ती डोकं धरून बसली.

तिनं मग जे सांगितलं ते असं. देवडीचा सेट नाहीच. कुठल्याच मालिकेचा सेट नऊ वर्षांपासून कुणी बांधत नाही. तिच्या बापाचं काम त्यातच गेलं आणि तो आता घरांना रंग देतो. नट तेवढे खरे, तेही एकदाच उभे करून त्यांचं चालणं-बोलणं यंत्रात भरून घेतलेलं. त्यांच्या मागचं घर यंत्र काढतं, तेही बघणाऱ्याच्या घरी, बघता बघता. टीव्हीच्या खाली ती बोटभर काळी पट्टी असते ना, तिला नजरपट्टी म्हणतात. तुमचे डोळे पडद्यावर कुठं थांबतात, किती थांबतात, बाहुली कशावर मोठी होते, हे ती सगळं मोजते. आधी हे जाहिरातीसाठी होतं. जिथं नजर जाते तिथं तेलाची बाटली ठेवायची. मग कंपनीच्या ध्यानात आलं, की डोळा थांबेल ते ठेवलं आणि डोळा घसरेल ते काढलं, तर माणूस टीव्हीसमोरून उठतच नाही.

आपल्याकडं कुडमुडे जोशी यायचे, तशातली ही गत. दारात येऊन जोशी म्हणतो, बाई, तुझ्या जिवाला घोर आहे. घोर कुणाला नसतो? तो तुझ्या तोंडाकडं बघतो. घोर माणसाचा आहे, म्हणतो. बघतो. पोटच्या पोराचा, म्हणतो. तुझी पापणी हलते. लेकीचा, म्हणतो, आणि तू त्याला शेरभर तांदूळ घालतेस. त्यानं काहीच सांगितलेलं नसतं, सगळं तूच सांगितलेलं असतं. यंत्र तसंच करत होतं. खुंटीवर टोपी टांगून बघितली, छत्री टांगून बघितली, दप्तर टांगलं आणि मालनबाईचे डोळे थांबले. पट्टा तोडून बघितला. नाडी पिवळी करून बघितली, हिरवी करून बघितली, लाल केली. त्याला सारिका माहीत नव्हती. सहा वर्षं रोज अर्धा तास ते मालनबाईच्या डोळ्यांत चाचपत होतं, आणि आता नुसतं सामानच नाही, गोष्टीच्या फांद्यासुद्धा ते घरागणिक वेगळ्या काढायला लागलं होतं.

“आजी, ते दप्तर फक्त तुमच्या टीव्हीवर आहे,” इरा म्हणाली. “जगात दुसरीकडं कुठंच नाही.”

मालनबाईनं हसून घेतलं. मग समोर बसलेल्या बाईकडं वळली. कुसुम माने, साठीची विधवा, तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून लाटायला बसलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“कुसुम, तू सांग. देवडीच्या खुंटीला काय आहे?”

कुसुमनं पोळपाटावरची नजर वर केली, मालनबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. “दप्तर हाय, आक्का.”

“नाडी कुठल्या रंगाची?”

“लाल.”

तिनं एकेकीला विचारलं. डबा कुठं चेपलाय, ताटं किती. बाराही जणींनी बिनचूक सांगितलं. न सांगायला काय झालं; गेली सहा वर्षं त्या ते रोज दुपारी ऐकत होत्या. इरा प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत होती आणि तिचे डोळे भरून येत होते.

“आजी, ह्या सगळ्या तुम्हाला घाबरतात.”

“घाबरणारच. माझ्यापुढं खोटं बोललेलं मी चालवून घेत नाही.”

इरानं दवाखान्याचं नाव आणि खोलीचा आकडा लिहून चिठ्ठी पाटावर ठेवली आणि ती गेली. मालनबाईनं दुसरी लाटी घेतली. तो पापड एका बाजूला जाड झाला. बाराजणींनी तो बघितला, आणि कुणीही बघितल्याचं दाखवलं नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. संध्याकाळी देवडीत ताट सरळच होतं. गुरुवारी काम संपल्यावर कुसुम मागं रेंगाळली. एकदा जाऊन तरी या म्हणाली, मी येते संगती. मालनबाईनं विचारलं, तुला वकीलपत्र कुणी दिलं? कुसुम काहीतरी बोलायला तोंड उघडून उभी होती. ते तोंड तिनं मिटलं, पदर खोचला आणि घरी गेली.

पण रक्त ते रक्त. शुक्रवारी दुपारी मालनबाईनं शेडाला दांडी मारली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि स्टँडवर आली. मिरजेची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली, चिठ्ठी मुठीत. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. आधी पोरीनं बोलावं का आपण, एवढ्यावरच अडलं होतं. ड्रायव्हर चढला तेवढ्यात फोन वाजला. देवडीची झलक आली होती, घरच्या टीव्हीवरून, उद्याच्या भागाची. मालनबाईनं डोळ्यांजवळ धरून बघितली. देवडीचा दरवाजा. उंबऱ्याबाहेर दोन पावलं. डाव्या पायाची टाच जमिनीला नीट टेकलेली नव्हती.

सारिका पाच वर्षांची असताना तिच्या डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तो डॉक्टरनं कापून काढला. तेव्हापासून ती टाच उचलूनच चालायची.

मालनबाईनं ती झलक पुन्हा लावली. पोरगी निघाली. उद्या येणार. आणि मी मिरजेत बसले आणि ती दाराशी आली तर? तेवीस वर्षांनी यायचं आणि कुलूप बघायचं? मग ती पुन्हा कशाला येईल? गाडी हललेली होती. तिनं कंडक्टरला हाक मारून गाडी थांबवली, तो काय बोलला ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि उतरली. चिठ्ठी मुठीत घामानं भिजली होती.

शनिवारी साडेसातला वैजयंती आली. चेहरा त्याच नटीचा, पण हनुवटी सारिकाची, चाल सारिकाची, उंबऱ्यात अडखळून दाराच्या कडेला धरणारा हात सारिकाचा. सासूनं काही विचारलं नाही. नुसतं पाचव्या ताटात वाढलं. मालनबाईनं आयुष्यात कधी नाही ते टीव्हीसमोर हात जोडले. मग मंडळात बोलून पाठवलं, फक्त एक शब्द, ‘आली.’ तीनशे बायकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

रविवारी पहाटे उठून तिनं खपली गव्हाची खीर टाकली, सारिका ती भांडं निपटून खायची. दार उघडं टाकून पायरीवर बसली. बारा वाजले, चार वाजले. खिरीवर साय धरली. दिवेलागणीला शेजारीण विचारून गेली, कोण यायचंय? मालनबाई म्हणाली, माझी लेक. तोंडानं म्हटलं. शेजारणीनं घरात जाऊन ते चौघींना सांगितलं.

सोमवारी सकाळी फोनवर इराचा निरोप आला. आवाज थकलेला, त्यात राग नव्हता. आई शनिवारी दुपारी दोनला गेली. काल सगळं आटोपलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती चांगली बोलत होती, दाराकडं बघत होती. तुम्हाला कळवावं असं तीच म्हणाली होती म्हणून कळवलं.

मालनबाईनं तो निरोप किती वेळा ऐकला कुणास ठाऊक. त्यातला ‘शुक्रवारी संध्याकाळ’ एवढाच भाग ती पुन्हा पुन्हा लावत होती. गाडी अडीचची होती. तीन वाजता मिरज.

त्या संध्याकाळी सव्वासातला ती कुसुमच्या घरी गेली. वीस वर्षांत ती कुणाच्या घरी आपणहून गेली नव्हती. कुसुम गडबडली, चहा टाकू म्हणाली. मालनबाईनं टीव्ही लाव म्हटलं.

सूर तोच, नाव तेच, सासू तीच. स्वयंपाकघराची भिंत मात्र निळसर होती. मालनबाईच्या घरी ती पिवळी होती. चारच ताटं मांडलेली. वैजयंतीचं नावही कुणी काढलं नाही. खुंटीला दप्तर नव्हतं. खाकी सदरा होता, खिशावर बिल्ला लावलेला, आणि कॉलर आतून उसवलेली. कुसुमचा नवरा एसटीवर ड्रायव्हर होता. घाटात गाडी जळाली त्यात गेला.

“हे कधीपासनं दिसतंय तुला?”

“पाच वर्षं झाली असतील.”

“आणि मला दप्तर म्हणून सांगत होतीस.”

कुसुम पडद्याकडंच बघत होती. “मला वाटलं माझेच डोळे फिरलेत. तुम्ही दप्तर म्हटलं. सगळ्या दप्तरच म्हणाल्या. मग मी बी म्हटलं.”

“त्या दिवशी पोरगी समोर बसली होती, कुसुम. माझी लेक मरत होती. तेव्हा तरी सांगायचंस.”

“कुणाला सांगायचं, आक्का?” कुसुम म्हणाली. “तुम्हांला?”

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मालनबाईला असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय होती, जिभेवर दहा तयार असायची. ती उठली, चपला शोधल्या, आणि निघाली. कुसुमची नजर सदऱ्यावर होती, आणि आता कुणी तरी ते बघितलं म्हणून ती रडत होती.

शेडात मालनबाई जात राहिली. पापड लाटत राहिली. एकदा तिनं हळूच विचारलं, बायांनो, खरं सांगा, तुमच्या खुंटीला काय काय आहे? बायकांनी एकमेकींकडं बघितलं. आक्काला आज काय ऐकायचंय, याचा त्यांना अंदाज येईना. मग एक म्हणाली, दप्तरच की आक्का. बाकीच्यांनी माना हलवल्या. तिनं पुन्हा विचारलं नाही. जे तिनं चाळीस वर्षं खपून पक्कं बांधलं होतं ते आता तिच्याच्यानं पाडवत नव्हतं.

घरी साडेसातला टीव्ही आपोआप लागायचा. पाचव्या ताटावर वैजयंती बसलेली असायची. दिवसागणिक तिच्यातली नटी कमी होत होती आणि सारिका वाढत होती. एकोणिसाची नव्हे, बेचाळिसाची. डोळ्यांखाली काळं, कानाशी पांढरं. मालनबाईनं बेचाळिसाची सारिका बघितलेली नव्हती. यंत्रानंही नव्हती. यंत्र चेहरे लावून बघत गेलं, तिच्या डोळ्यांनी एकावर होकार दिला, आणि तो तसाच होता का नाही हे विचारायला इराला फोन करायचं तोंड तिच्याकडं उरलं नव्हतं. वैजयंती घास घेता घेता वर बघायची, थेट मालनबाईकडं.

ते तिला सोसेना. उठून जाववेना आणि बघवेना. म्हणून ती खाली बघायची, देवडीच्या जमिनीकडं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. अर्धा तास खाली मान घालून लेकीचा आवाज तेवढा ऐकायचा.

यंत्राला लाज माहीत नाही. अपराधी माणूस मान खाली घालतं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याला एवढंच कळतं, की वैजयंती दिसली की या घरातले डोळे घसरतात. नवव्या दिवशी वैजयंती पाठमोरी बसली. अकराव्या दिवशी ती आत स्वयंपाकाला होती, नुसता भांड्यांचा आवाज. पुढं आवाजही नव्हता. पंधराव्या दिवशी सासू म्हणाली, चौघांपुरतंच वाढ.

मालनबाईनं मान वर केली. ताटं चार होती. तिनं दारात बघितलं, खिडकीत बघितलं, माणसांच्या मागं बघितलं. कुठंच कुणी नव्हतं. यंत्रानं ती भिरभिरणारी नजर मोजली आणि त्याला वाटलं, बाई कंटाळली. त्यानं घाईघाईनं देवडीत एक लग्न काढलं. सनई वाजायला लागली. नसलेल्या माणसावर नजर थांबवून दाखवता येत नाही, आणि यंत्राला पुन्हा पहिल्यापासून चाचपायला लावायचं तर सहा वर्षं जाणार. मालनबाई सहासष्ट वर्षांची होती, आणि त्या सहा वर्षांत तरी ते पुन्हा सारिकापर्यंत पोचेल याचा काय भरवसा.

तरी ती बघत राहिली. जिथं वैजयंती शेवटची बसली होती, त्या जागेकडं, पापणी न लववता. तिथं आता नुसती भिंत होती. डोळा थांबला म्हणून यंत्रानं ती भिंत पुढं आणली, तिच्यावर छान ऊन पाडलं, आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज, साडेसात वाजले की ते तिला भिंत दाखवत राहिलं.